नवा राऊटर घेताय? आधी तार लावून पाहा

बेडरूममध्ये व्हिडिओ फिरत बसतो, मीटिंगमध्ये तुमचा चेहरा गोठतो आणि नेटवाल्याचा माणूस दारातूनच सांगतो, "राऊटर जुना झालाय, नवा घ्या." लगेच पैसे काढू नका. वीस मिनिटं काढा, एक लॅपटॉप आणि मीटरभर लॅन केबल हाताशी घ्या.

घरातले बाकीचे मोबाइल, टीव्ही नेटवरून काढा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करून तो केबलने राऊटरला जोडा आणि स्पीड टेस्ट घ्या. एकदा दुपारी, एकदा रात्री नऊ-दहाला. मग तीच टेस्ट वाय-फायवर, आधी राऊटरशेजारी बसून, नंतर बेडरूममधून. प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट ठेवा.

केबलवरच १०० च्या प्लॅनला ४० मिळतायत? मग आधी ॲपमध्ये महिन्याचा डेटा कोटा संपलाय का ते बघा; संपला की वेग खाली आणतात. कोटा शिल्लक असेल तर तक्रार लाइनची करा, खरेदी थांबवा. केबलवर पूर्ण पण राऊटरशेजारी वाय-फायवर निम्मे, आणि तेही दोन वेगवेगळ्या मोबाइलवर? राऊटर बदलायला हरकत नाही. शेजारी पूर्ण आणि बेडरूममध्ये रड? प्रश्न जागेचा आहे. आणि हो, प्लॅनमधले १०० हे मेगाबिट असतात. फाइल उतरताना सेकंदाला १२ एमबी दिसले तर वेग पूर्ण आहे, आठाने भागायचं असतं.

आता सगळ्यात जास्त फसवणारा आकडा: ९४-९५. प्लॅन २०० चा, पण टेस्ट रोज ९४ वर येऊन थांबते. आमच्या घरी हे दोन महिने चाललं. तंत्रज्ञाने साडेतीन हजारांचा राऊटर सुचवला, मीही जवळजवळ तयार झालो होतो. मग फायबरच्या डब्यातून राऊटरकडे जाणारी छोटी केबल काढून तिचं पारदर्शक टोक खिडकीच्या उजेडात धरलं. आत आठ रंगीत तारा हव्यात, होत्या चारच. चार तारांवर १०० च्या वर वेग जातच नाही. शंभर रुपयांची नवी केबल लावली, काम झालं.

केबल ठीक असेल तर राऊटरचे पोर्ट तपासा. 'गिगाबिट' हवेत. इथेच खोका फसवतो. वर ठळक अक्षरांत १२०० लिहिलेलं असतं. ती ३०० आणि ८६७ यांची कागदावरची बेरीज असते. त्याच स्वस्त राऊटरचे पोर्ट कधी १०० चेच निघतात. अशा राऊटरवर २०० चा प्लॅन घेतलात तर उरलेल्या शंभराचे पैसे दरमहा पाण्यात.

जागेचा प्रश्न असेल तर खर्च बहुधा शून्य. फायबर दारातून येते म्हणून राऊटर चपलांच्या कपाटावर नाहीतर माळ्यावर बसवतात. तो घराच्या मध्यावर, उघड्यावर, छातीइतक्या उंचीवर आणा. टीव्हीची मागची बाजू, फ्रिज, आरशाचं कपाट टाळा. फायबर स्वतः ओढू नका, वाकली की तुटते. डब्यापासून लांब लॅन केबल घ्या. इमारतीत मोबाइल ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा. २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यावर अख्खा जिना भांडत असतो. मात्र ५ गिगाहर्ट्झ दोन भिंतींपलीकडे दमतो.

तरीही घ्यायचाच ठरला, तर बाजारभाव अंदाजे असे. १०० पर्यंतचा प्लॅन आणि दोन खोल्या: गिगाबिट पोर्टचा ड्युअल बँड वाय-फाय ५, दीड ते अडीच हजार. २००-३०० चा प्लॅन आणि दहा-पंधरा उपकरणं: वाय-फाय ६, अडीच ते साडेचार हजार. मोठा फ्लॅट किंवा दुमजली घर: दोन नगांचा मेश संच, पाच ते आठ हजार. त्याहून स्वस्त आणि भरवशाचं म्हणजे आतल्या खोलीपर्यंत केबल टाकून जुनाच राऊटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावणं. हजार-दीड हजाराचा एक्स्टेंडर मी घेणार नाही: तो बहुधा ज्या बँडवर घेतो त्याच बँडवर देतो आणि वेग निम्मा करतो. वाय-फाय ७ चे पैसे, तुमचा मोबाइलच ७ चा नसेल तर, फुकट.

खोक्यावर नसलेले खर्चही विचारा. बसवायचे किती? राऊटर 'फ्री' म्हणजे डिपॉझिट, भाडं की परत करायचा? परत करताना पावती घ्या, नाहीतर डिपॉझिट विसरा. वेग वाढवायला वरचा प्लॅन सुचवला तर जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी धरा. ४९९ चे ५८९ होतात. तुमच्या नेटवाल्याचा डबा वाय-फायवालाच असेल तर तो काढता येत नाही, लँडलाइनही त्यातूनच चालते. नवा राऊटर त्यामागे लागतो आणि डब्याचं वाय-फाय बंद करावं लागतं. खरेदीआधीच कनेक्शनचं युजरनेम, पासवर्ड आणि असल्यास व्हीलॅन क्रमांक लेखी मागून घ्या. स्थानिक केबलवाले जुन्या राऊटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे ओळख क्रमांक, कनेक्शनला बांधून ठेवतात. तो सोडवायला फोन करावा लागतो, रविवारी कोणी उचलत नाही. बिलावर जीएसटी आणि राऊटरचा सीरियल नंबर हवाच, वॉरंटी त्यावर.

लाइनची तक्रार केलीत तर डॉकेट क्रमांक घ्या, स्क्रीनशॉट जोडा. दाद नाही मिळाली तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जा, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. दूरसंचार नियामक संस्थेला, ट्रायला, लिहून वेळ घालवू नका, ती वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही.

आणि राऊटर घेतलाच तर दुकानात परतीची मुदत विचारा, पहिल्याच रात्री बेडरूममधून पुन्हा टेस्ट घ्या. तोवर खोका रद्दीत टाकू नका.