ज्ञात फाइलींची ओळख

तपासासाठी ताब्यात घेतलेल्या एका संगणकाच्या चकतीवर लाखो फाइली असू शकतात. त्यांपैकी पुष्कळ फाइली सर्वत्र आढळणाऱ्या प्रणालींच्याच असतात. तपासनिसास हवी असलेली चिठ्ठी या गर्दीत कोठे तरी दडलेली असते. ही गर्दी दूर कशी सारावी? नावांवर विसंबून चालत नाही. नाव कोणासही पालटता येते.

याकरिता फाइलीच्या मजकुरावरूनच तिचा ठसा काढतात. त्यास हॅश म्हणतात. एसएचए-२५६ या रीतीत मजकुराचे ५१२ बिटांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा ६४ फेऱ्यांतून घुसळला जातो, आणि अखेरीस २५६ बिटांची एक संख्या हाती येते. फाइल चार ओळींची असो वा अख्ख्या चित्रपटाची, ठशाची लांबी तेवढीच. नाव बदलले तरी ठसा ढळत नाही. उलट मजकुरात एका स्वल्पविरामाची भर पडली, तर ठशातील जवळजवळ निम्मे बिट उलटतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने अशा ठशांचे एक ग्रंथालयच उभारले आहे. मूळ प्रणाली मिळवून त्यांतील एकेका फाइलीचा ठसा तेथे नोंदवितात. तपासनीस चकतीवरील ठसे या नोंदींशी ताडून पाहतो. जुळतात त्या फाइली बाजूला सारून उरलेल्यांवर त्यास नजर खिळविता येते.

येथे पुष्कळांचा एक घोटाळा होतो. ‘ज्ञात’ म्हणजे ‘निर्दोष’ नव्हे. दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याची हत्यारेही त्या ग्रंथालयात नोंदलेली आहेत! ही फाइल तीच आहे, एवढीच ठशाची साक्ष. शिवाय रीत जुनी झाली की साक्षही डळमळते. २०१७ साली ॲमस्टरडॅमच्या एका संशोधनसंस्थेतील व गूगलमधील संशोधकांनी एसएचए-१ या रीतीने एकच ठसा देणाऱ्या दोन निराळ्या फाइली करून दाखविल्या.

आणि ठसा ठेवावा कोठे? फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या प्रणालीच्या संकेतस्थळात शिरून घुसखोराने खऱ्या फाइलीच्या जागी चोरवाट असलेली फाइल लोकांच्या हाती दिली. शेजारी छापलेला ठसाही आपण पालटला होता, असे त्याने पुढे एका वार्ताहरास सांगितले. चोरच साक्षीदार झाल्यावर पडताळणी ती कसली? डेबियन या प्रणालीत पॅकेजांचे ठसे एका यादीत नोंदवितात, त्या यादीचा ठसा दुसऱ्या फाइलीत घेतात, आणि या दुसऱ्या फाइलीवर गुप्त किल्लीने सही करतात. ती सही तपासण्याची जाहीर किल्ली प्रणालीसोबत वापरणाराच्या संगणकात आधीच आलेली असते.