उघड्या गाडीतलं गाणं : थारच्या साउंड सिस्टिमने शिकवलेले धडे

सॉफ्ट टॉप थार घेणाऱ्याला दोन गोष्टींची हौस असते. हूड काढून घाटात जायचं आणि जाताना आवडीचं गाणं लावायचं. या दोन हौशींचं एकमेकींशी पटत नाही, हे हूड काढल्यावरच कळतं. मी साताऱ्यात राहतो. जुनी, मागे समोरासमोर बाक असलेली थार वापरतो. कास, ठोसेघर हे घरचे रस्ते, आणि पाटण-कोयनानगरवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, गुहागर ही ठरलेली वाट. या रस्त्यांवर ऊन, धूळ, पाऊस आणि खारं वारं सोसत माझ्या गाडीतली सिस्टिम टप्प्याटप्प्याने उभी राहिली. मित्रांच्या जिप्सी आणि थारमध्येही हात घातला. त्यातून जे पक्कं कळलं ते इथे क्रमाने मांडतो.

१. आधी गाणं कुठे हरवतं ते समजून घ्या

बंद गाडीत छप्पर आणि काचा खालच्या पट्टीचे आवाज कोंडून धरतात. त्यामुळे साधारण ६०-७० हर्ट्झच्या खालचा बेस आपोआप वाढून मिळतो. हूड काढलं की हा फायदा संपतो. त्यात वारा, मड टेरेन टायरची घरघर आणि डिझेल इंजिन यांचाही जोर खालच्याच पट्टीत असतो, म्हणजे बेसवर दुहेरी घाला पडतो. भीमसेन जोशींचा एखादा अभंग लावून पाहा. गाडी उभी असताना पखवाजाचा धुमा छातीत जाणवतो. ताशी साठचा वेग घेतला की धुमा गायब होतो, टाळ तेवढे कर्कश उरतात आणि शब्द अर्धेमुर्धे कानावर येतात. अशा वेळी हात आपसूक बेस वाढवायच्या बटणाकडे जातो. पण वाऱ्याशी बेसची स्पर्धा लावून कोणी जिंकत नाही. उघड्या गाडीत आधी शब्द आणि मधला सूर वाचवायचा. बाकीचं त्यानंतर.

२. वॅटच्या आकड्यापेक्षा सेन्सिटिव्हिटी बघा

स्टिरिओच्या खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असं ठळक छापलेलं असतं. तो क्षणिक कमाल आकडा असतो. गाडीच्या १४.४ व्होल्टवर साध्या स्टिरिओकडून ४ ओहमच्या स्पीकरला सलग मिळतात ते साधारण २० वॅट. आरएमएस म्हणून लिहिलेला आकडा खरा मानायचा, तो लिहिलेलाच नसेल तर ती वस्तू बाजूला ठेवायची.

दुसरं गणित त्याहून महत्त्वाचं आहे. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे ताकद दहापट. त्याऐवजी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा आकडा. ८७ ऐवजी ९३ डेसिबलचा स्पीकर घेतला तर तेवढ्याच आवाजाला चौथाई ताकद पुरते. स्टिरिओ तोच ठेवून केवळ योग्य स्पीकर निवडल्याने एवढा फरक पडतो.

३. स्पीकर कानाजवळ आणा

बाजारात बहुतेक ठिकाणी स्पीकर डॅशबोर्डखाली, पायांजवळ बसवून देतात. बंद गाडीत ते चालून जातं, कारण आवाज काचांवर आपटून कानापर्यंत येतो. उघड्या गाडीत आपटायला काही नसतं. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो आणि ट्वीटरचे बारीक सूर तर समोरच्या दिशेलाच जातात. गुडघ्याकडे तोंड केलेला ट्वीटर गुडघ्यांनाच गाणं ऐकवतो.

२ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या नव्या थारमध्ये कंपनीनेही स्पीकर वर, छताच्या पातळीला दिले, ते याच कारणाने पटतं. जुन्या गाडीत रोल केजला स्पीकरचे पॉड बसवता येतात. पुढचे दोन कानांच्या किंचित पुढे आणि आत वळवलेले, मागचे दोन बाकांवर बसलेल्यांच्या खांद्याच्या वर. पण रोल केजला ड्रिल मारू देऊ नका. तो पाइप गाडी उलटली तर जीव वाचवण्यासाठी आहे. रबर लावलेला क्लॅम्प वापरा, नट लॉकिंगचे घ्या, आणि खाचखळग्यात डोकं आपटणार नाही इतकी जागा सोडा.

४. पाणी, धूळ, ऊन आणि मीठ

चिपळूणच्या एका मित्राच्या जीपमधला स्पीकर पावसाळ्यानंतर मी उलगडला. कागदी कोन ओल्या पापडासारखा मऊ होऊन कडेने सुटला होता. भोवतालच्या फोमला बोट लावलं तर त्याचा भुगा झाला. टर्मिनलवरून कॉइलकडे जाणाऱ्या वेणीवर हिरवट बुरशीसारखा थर होता, चुंबकाच्या पट्टीवर मिठाची पांढरी रेघ आणि तिच्याखाली गंज. स्पीकर नावाजलेल्या कंपनीचाच होता, पण बंद गाडीसाठी बनवलेला.

उघड्या गाडीला बोटींसाठी बनवलेले, म्हणजे मरीन स्पीकर लागतात. कोन पॉलिप्रॉपिलिनचा, कड रबराची, जाळी आणि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, प्लॅस्टिक उन्हात न तडकणारं. आयपी रेटिंग वाचायलाही शिका. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याची धार सोसते. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही टिकतं. कोकणात वारंवार जात असाल तर मिठाच्या फवाऱ्याची चाचणी झालीय का, तेही विचारा. परतल्यावर ओल्या कपड्याने जाळ्या पुसून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, स्पीकरचं आयुष्य वाढवतं.

५. वायरिंगमध्ये काटकसर करू नका

वायर दिसत नाही, म्हणून दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही तिथेच पैसे वाचवतात. बाजारात स्वस्त मिळणारी जाड वायर पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. ब्लेडने एक तार खरवडा. आतून रुपेरी निघाली तर परत करा. ॲल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या साधारण साठ टक्के, आणि ओलाव्यात ते लवकर खराब होतं. तांब्याचीच वायर घ्या, कथिलाचा मुलामा दिलेली मिळाली तर उत्तमच.

चारशे वॅट आरएमएसचा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात असताना साधारण ३५ अँपिअर ओढू शकतो. मुख्य वायर त्या हिशेबाने जाड हवी आणि फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. फ्यूज असतो तो वायर पेटू नये म्हणून. अ‍ॅम्प्लिफायरजवळ लावलेला फ्यूज बॅटरीपासून तिथवरच्या वायरला वाचवत नाही. इंजिनकडून केबिनमध्ये वायर येते त्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची धार हादऱ्यांनी इन्सुलेशन कापते. जोडांना काळी टेप पुरत नाही, आतून गोंद असलेली हीट श्रिंक ट्यूब लावा. अ‍ॅम्प्लिफायरपाशी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथून गळून जाईल.

६. अर्थ पॉइंट स्वतः उभं राहून करून घ्या

ॲक्सिलरेटर दिला की स्पीकरमधून बारीक शिट्टी चढत जाते, अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली. एका थारमध्ये तीन दुकानं फिरून स्टिरिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही बदलून झाले होते. आम्ही सीट उचलली. अर्थची वायर सीटच्या बोल्टखाली दाबलेली होती. बोल्टखाली रंग आणि रंगावर गंज, वॉशर हाताने फिरत होता. बाजूला चॅसिसशी वेल्ड केलेला जाड पत्रा निवडला, रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर घालून बोल्ट कसला आणि वरून ग्रीस लावलं. शिट्टी बंद झाली.

अर्थची वायर मुख्य वायरइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड ठेवा. स्टिरिओकडून अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारी आरसीए केबल गाडीच्या एका बाजूने आणि बॅटरीची वायर दुसऱ्या बाजूने न्या. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर अर्थचा बोल्ट उघडून बघा.

७. अ‍ॅम्प्लिफायर जमिनीवर नको

उघड्या गाडीचा तळ म्हणजे पाणी साचण्याची जागा. सीटखाली दोन-तीन इंच उंच पट्ट्यांवर अ‍ॅम्प्लिफायर बसवा, टर्मिनलची तोंडं पावसाच्या बाजूला येऊ देऊ नका आणि भोवती हवा खेळती ठेवा. क्लास डी प्रकार निवडा. जुन्या क्लास एबीपेक्षा त्यात ऊर्जा कमी वाया जाते, त्यामुळे तापतो कमी, आकाराने लहान असतो आणि बॅटरीवर भार कमी पडतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायचा सल्ला अनेक जण देतात. तो ऐकू नका. आत वाफ धरते आणि उष्णताही कोंडते.

८. वूफर हवा, पण बेताचा

आठ किंवा दहा इंची वूफर, पूर्ण बंद खोक्यात, सीटखाली किंवा दोन सीटच्या मध्ये कुलपाच्या कन्सोलमध्ये. उघड्या थारला एवढं पुरतं. बंद खोक्याचा बेस आटोपशीर असतो आणि हादऱ्यात कोनवर ताबा राहतो. पाइपवाल्या खोक्यातून पाणी आणि धूळ आत जायला वाट मिळते. गाडीबाहेर पन्नास फुटांवर धडधड पोचवायची असेल तरच मोठे वूफर लागतात, आणि ती गरज कोणालाच नाही.

बाकीच्या स्पीकरना ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा आवाज जाऊ देऊ नका. स्टिरिओत किंवा अ‍ॅम्प्लिफायरवर हाय पास फिल्टर असतो. तो लावला की लहान स्पीकर न झेपणाऱ्या बेसमधून सुटतात आणि गायकाचा आवाज एकदम मोकळा होतो. सगळ्या खटाटोपात हा बदल फुकट आहे.

९. सेटिंग चालत्या गाडीत करा

दुकानात, गाडी बंद करून केलेलं सेटिंग घाटात उपयोगाचं नाही. हूड काढा, मित्राला गाडी चालवायला द्या आणि आपण शेजारी बसून नेहमीच्या वेगाला कान लावा. अ‍ॅम्प्लिफायरवरचा गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर ठेवून गेन हळूहळू वाढवा आणि आवाज जिथे फाटू लागेल त्याच्या थोडा मागे थांबा. शब्द अस्पष्ट वाटले तर २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा किंचित उचला, व्यंजनं तिथे स्पष्ट होतात. बेस बूस्ट बंदच ठेवा. हूड लावलेलं असतानाचं एक आणि काढलेलं असतानाचं एक, अशी दोन सेटिंग स्टिरिओत साठवून ठेवा.

१०. वॉरंटी, विमा आणि चोरी

गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची एकही वायर कापू देऊ नका. बहुतेक मॉडेलसाठी कपलर मिळतात, त्यांनी जोडणी होते आणि नंतर काढताही येते. पक्कं बिल घ्या आणि विमा कंपनीला बदल कळवा. उघड्या गाडीत कोणाचाही हात पोचतो, म्हणून स्टिरिओ पुढचं पॅनल निघणारा घ्यावा आणि वूफर कुलपात ठेवावा.

११. कान आपले आणि डोंगर सगळ्यांचा

८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सोसावा, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते, असा कानांच्या सुरक्षिततेचा मान्य हिशेब आहे. ९४ डेसिबलला उरतो फक्त एक तास. वाऱ्यावर मात करायला आवाज चढवत गेलो की आपण तिथे सहज पोचतो. मागच्या ट्रकचा हॉर्न आणि रुग्णवाहिकेचा सायरन ऐकू आलाच पाहिजे, तेवढीच मर्यादा.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्र धरली जाते १० ते ६. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, कोयनेचं अभयारण्य आमच्या वाटेला लागून आहे. तिथे सिस्टिम कितीही चांगली असली तरी मी ती बंद करतो. माझं हे मत ठाम आहे. डोंगरात मोठ्याने गाणी लावणाऱ्या गाड्यांमुळे सगळ्याच उघड्या गाड्यांकडे लोक रागाने बघू लागलेत, आणि तो राग रास्त आहे.

खर्च एकदम झेपत नसेल तर क्रम असा ठेवा. आधी चांगले मरीन स्पीकर योग्य जागी, मग तांब्याची वायर आणि अ‍ॅम्प्लिफायर, सर्वांत शेवटी वूफर. पुष्कळांना पहिल्या टप्प्यातच समाधान मिळेल. गाडीतल्या माणसांना प्रत्येक शब्द ऐकू यावा आणि रस्त्याकडेच्या माणसाला त्रास होऊ नये, हीच चांगल्या सिस्टिमची खूण. तेव्हा दुकानात गेलात की ‘किती वॅट?’ हा प्रश्न मागे ठेवा. स्पीकर कुठे बसणार, वायर कशाची आणि अर्थ कुठे देणार, हे तीन प्रश्न आधी विचारा. या तिन्हींची नीट उत्तरं देणाऱ्याच्याच हातात गाडी द्या.