निरूपण आणि नर्तन : तंजावरच्या मराठी नृत्यप्रबंधांच्या अर्थनिर्णयाचा प्रश्न

तंजावरच्या भोसले दरबारातील मराठी रचनांची आपल्या वाङ्मयेतिहासाने दखल घेतली, ती मुख्यतः आरंभाचा शोध घेण्याच्या ओघात. शहाजीराजांच्या (१६८४-१७१२) काळातील 'लक्ष्मीनारायणकल्याण'सारख्या नाटकांचा उल्लेख होतो, कारण त्यांच्या आधारे मराठी नाटकाचा उगम विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या प्रयोगापूर्वी दीडशे वर्षे मागे नेता येतो. त्या रचना काय सांगतात, कशा सांगतात, याची चर्चा त्या मानाने थोडी. दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७७७-१८३२) नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे तर या मर्यादित चर्चेतही क्वचितच येतात. पदव्युत्तर वर्गात यांतील एखादी रचना वाचून दाखविली की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यात कविता कोठे आहे? प्रस्तुत लेखिकेलाही अनेक वर्षे या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता आले नव्हते. शब्दकळा सामान्य, कथानक परिचित, तत्त्वचिंतन म्हणावे तर एखाद-दुसऱ्या स्तुतिपर विशेषणापलीकडे नाही. ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या किंवा एकनाथांच्या गौळणी वाचलेल्या वाचकाला या पंक्ती फिक्या वाटल्या तर त्याचा दोष नाही.

तथापि हा प्रश्न चुकीच्या ठिकाणी विचारला जातो, असे आता वाटते. ही निरूपणे वाचण्यासाठी लिहिलेलीच नाहीत. त्यांतील पुराणकथा आणि त्या कथेमागचा तत्त्वविचार शब्दांत शोधला तर हाती थोडेच लागते. तो नर्तिकेच्या शरीरासाठी राखून ठेवलेला आहे.

प्रथम रचनेचे स्वरूप पाहू. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेल्यानंतर सरफोजीराजांचे बरेचसे आयुष्य विद्या आणि कला यांच्या संवर्धनात गेले. सरस्वती महाल ग्रंथालयाचा विस्तार ही त्याची सर्वज्ञात खूण. याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु हे चार बंधू होते. आज भरतनाट्यमच्या मंचावर अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत जो क्रम आपण पाहतो, त्याची घडण त्यांच्याकडे जाते. सरफोजीराजांच्या निरूपणाचा आराखडा मात्र या क्रमाहून वेगळा आहे. त्यात जयजय, शरणु, अलारु, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना, जक्किणी, गीत, प्रबंध अशा रचना येतात आणि शेवटी मंगळ, असे एकूण अठरा भाग असतात. हे अठराही भाग एकाच कथासूत्रात, एकाच रागात आणि एकाच तालात बांधलेले असतात. आजच्या मार्गात वर्ण एका देवतेवर, पद दुसऱ्या नायकावर, तिल्लाना तिसऱ्याच ठिकाणी, असे चालते. येथे शुद्ध नृत्ताचे भागसुद्धा कथेच्या आत येतात. मुंबईत आचार्य पार्वतीकुमार यांनी या प्रबंधांचा अभ्यास करून ते पुन्हा रंगमंचावर आणले. त्यांचे हे कार्य नृत्यक्षेत्राने गौरविले, पण मराठीच्या अभ्यासकांनी त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही, हे नमूद करणे भाग आहे.

नृत्ताचे भाग कथेच्या आत येतात, या गोष्टीला महत्त्व का द्यावे? त्यासाठी नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायातील एक प्रसंग आठवावा लागतो. ब्रह्मदेवाच्या आज्ञेवरून त्रिपुरदाहाचा प्रयोग होतो, शिव तो पाहतो, आणि पूर्वरंगात नृत्ताची योजना करावी असे सुचवितो. तंडूकडून भरताला करणे व अंगहार मिळतात. त्यानंतर ऋषी एक अवघड शंका काढतात. अभिनय हा अर्थाची प्राप्ती करून देण्यासाठी निर्माण झाला, हे समजले. पण गीताच्या अर्थाशी ज्याचा संबंध नाही आणि जे स्वतःही कोणता अर्थ सुचवीत नाही, ते नृत्त कशासाठी? भरताचे उत्तर सरळ आहे. नृत्ताला अर्थाची अपेक्षा नाही. ते शोभा निर्माण करते, लोकांना ते स्वभावतःच प्रिय आहे आणि मंगल मानले जाते. पुढे धनंजयाने दशरूपकात भावावर आधारलेले ते नृत्य आणि ताल-लयींवर आधारलेले ते नृत्त, असा भेद केला. देवगिरीच्या यादव दरबारातील शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकराचा सातवा अध्याय नर्तनाला दिला, तोही याच परंपरेत.

शिवाच्या नृत्याला आपण विश्वाच्या अर्थाचे प्रतीक मानतो. डमरूतून सृष्टी, अभयहस्तातून स्थिती, अग्नीतून संहार, रोवलेल्या पावलातून तिरोभाव आणि उचललेल्या पावलातून अनुग्रह, हे शैवसिद्धान्तातील पंचकृत्यांचे विवरण आनंद कुमारस्वामींच्या १९१८ च्या ग्रंथानंतर सर्वत्र रूढ झाले. पण शास्त्रकाराने शिवाकडून आलेल्या नृत्तालाच अर्थनिरपेक्ष म्हटले आहे. हा विरोध वरवरचा समजून सोडून देऊ नये. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात (प्रतिष्ठा १०१०) गर्भगृहाभोवतीच्या वरच्या प्रदक्षिणामार्गात एकशेआठ करणांपैकी एक्याऐंशी कोरलेली आहेत. उरलेल्या सत्तावीस जागा कोऱ्याच राहिल्या. तेथे करणे करणारा नर्तक स्वतः शिव आहे. ती शिल्पे कोणतीही कथा सांगत नाहीत. लीला ही निर्हेतुक असते, असे वेदान्त सांगतो. नृत्त ती निर्हेतुकता सांगत नाही, करून दाखविते. सरफोजीराजांच्या प्रबंधात कथा मध्येच थांबते, पावले केवळ तालाच्या हिशेबाने पडू लागतात आणि मग कथा पुन्हा सुरू होते. त्या विरामाला अलंकरण म्हणावे की आशय, याचा निर्णय संहितेवरून होऊ शकत नाही.

आता अभिनयाकडे वळू. सरफोजीराजांच्या प्रबंधांत कुमारसंभवाची कथा आहे. मदनदहन, पार्वतीचे तप, विवाह आणि कुमाराचा जन्म हा तिचा परिचित क्रम. मदनदहनाचा प्रसंग नर्तिका कोणत्या साधनांनी उभा करते? अभिनयदर्पणात देवताहस्त दिले आहेत. त्यानुसार मन्मथासाठी डावा हात शिखर आणि उजवा कटकामुख. धनुष्य धरलेले आणि बाण ओढलेला. शंभूसाठी डावा मृगशीर्ष आणि उजवा त्रिपताक. येथवर हा केवळ संकेतांचा कोश आहे. पण त्रिपताकाचे विनियोग पाहिले की मन थबकते. केतकीचे फूल, दिवा, भडकलेली ज्वाला आणि बाण, हे सारे त्याच एका हाताने दाखवावयाचे आहे. फूल, बाण आणि ज्वाला यांत फरक करतात ते मनगटाचे वळण, हाताची गती आणि दृष्टी. पुष्पबाण सोडणारा मदन आणि त्याला भस्म करणारा नेत्राग्नी हे एकाच बोटांच्या रचनेतून प्रकट होऊ शकतात.

यावरून काम आणि कामाचा दाह यांचे मूळ एक, असा सिद्धान्त काढण्याचा मोह होतो. तो आवरावा, असे मला वाटते. कोशातील अनेकार्थता ही कोणत्याही भाषेतील अनेकार्थतेसारखीच असते. श्लेष सापडला म्हणून दर्शन सापडले असे होत नाही. मात्र कुशल नर्तिका या श्लेषाचा उपयोग करून घेऊ शकते. फुलाचा त्रिपताक न मोडता तिने दृष्टी पालटली आणि तोच हात ज्वाला होऊन वर चढला, तर प्रेक्षकाला जे जाणवते ते एखाद्या टीकाग्रंथातील वाक्याने जाणवणार नाही. संहितेत त्या ठिकाणी मदन जळला एवढेच असले तरी पुरते.

हीच गोष्ट संचारीच्या बाबतीत. नायिका सखीला स्वामींना घेऊन येण्यास सांगते, एवढ्याच अर्थाची ओळ गायिका दहा-बारा वेळा गाते. नर्तिका पहिल्या आवर्तनात शब्दार्थ दाखविते आणि नंतर शब्द सोडून देते. स्वामी म्हणजे कोण? ज्याच्या जटांत गंगा आहे तो. मग गंगेचे अवतरण. ज्याच्या भाळी चंद्र आहे तो. मग चंद्राच्या शीतलतेने होणारा विरहिणीचा ताप. प्रत्येक आवर्तनात एक पुराणकथा उघडते, मिटते आणि ओळ पुन्हा मूळ विनवणीवर येते. अशी ओळ कवीने मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. ती भरगच्च प्रतिमांनी लिहिली तर नर्तिकेला जागा उरत नाही. विद्यार्थ्यांना खटकणारा फिकेपणा बराचसा असा आहे, हे मी आता त्यांना सांगते. सगळा तसा आहे असे मात्र म्हणत नाही. काही पंक्ती खरोखरच सामान्य आहेत.

या संचारीत नर्तिका क्षणात गंगा होते, क्षणात शिव, क्षणात विरहिणी. वेष एकच असतो. या एकाहार्य पद्धतीत पात्र बदलते ते केवळ देहाच्या ठेवणीने आणि नजरेने. मराठी वाचकाला हे परके वाटू नये. आपला नारदीय कीर्तनकारही एकाच पागोट्या-उपरण्यात राम, रावण आणि मंदोदरी होतो. कीर्तनाच्या पूर्वरंगात तत्त्वाचे विवरण आणि उत्तररंगात आख्यान, अशी वाटणी असते आणि त्या विवरणाला आपण निरूपण म्हणतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कीर्तनपद्धती तंजावरात स्थिरावली व तिच्या संस्कारातून तमिळ हरिकथा घडत गेली, हे प्रसिद्धच आहे. सरफोजीराजांची निरूपणे त्याआधीची. तरीही नृत्यप्रबंधाला दिलेले हे नाव मराठी कानाला कीर्तनाची आठवण करून देते. फरक असा की कीर्तनकार पात्रांतून बाहेर येऊन तत्त्व बोलून दाखवितो. नर्तिकेला ती सोय नाही. आराध्य आणि आराधक एकाच देहात आलटून पालटून वसतात, हेच तिचे निरूपण. अभिनयदर्पणाच्या आरंभीचे मंगल शिवाला वंदन करताना विश्वाला त्याचे आंगिक, समस्त वाणीला वाचिक, चंद्रताऱ्यांना आहार्य आणि त्याला स्वतःला सात्त्विक म्हणते. अभिनयाची चारही अंगे तेथे तत्त्वमीमांसेची परिभाषा झाली आहेत.

येथे एका वादाचा विचार टाळता येत नाही. शृंगारपर पदांतील नायिका म्हणजे जीवात्मा, नायक म्हणजे परमात्मा आणि सखी म्हणजे गुरू, हे समीकरण आज कार्यक्रमाच्या निवेदनात इतके सहज उच्चारले जाते, की ते रचनेइतकेच जुने आणि तिच्यापासून अभिन्न वाटते. मधुराभक्तीचे अधिष्ठान अर्थातच प्राचीन आहे. आपल्या विरहिणीही त्याच भूमीतल्या. पण प्रत्येक पदावर हे समीकरण डकविण्याची निकड विसाव्या शतकातली आहे. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि मद्रास प्रांतात १९४७ साली देवदासीप्रथेविरुद्ध कायदे झाले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३५ साली पहिला जाहीर कार्यक्रम केला व पुढील वर्षी कलाक्षेत्राची स्थापना केली. ज्या स्त्रियांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांच्याविषयीची लोकनिंदा नृत्याला चिकटू नये, यासाठी शृंगाराला अध्यात्माचे आवरण हवे होते. रुक्मिणीदेवींचे ऋण न मानणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण त्याच परंपरेच्या कुळात जन्मलेल्या बालसरस्वती (१९१८-१९८४) यांचा आक्षेप तितक्याच गंभीरपणे ऐकला पाहिजे. शृंगाराला शुद्ध करण्याची गरजच नाही, तो स्वतःच भक्तीचा श्रेष्ठ आविष्कार आहे, अशी त्यांची धारणा होती. नृत्याच्या क्रमाला त्यांनी मंदिराची उपमा दिली : अलारिप्पू हे गोपुर, मग एकेक मंडप ओलांडीत वर्णापर्यंत यावयाचे, आणि पद हे गर्भगृह. ज्या पदाला सुधारकांनी संकोचाने झाकले, त्याला त्यांनी देवाच्या सर्वांत निकट ठेवले.

मला बालसरस्वतींची बाजू अधिक पटते आणि त्याचे कारण वाङ्मयीन आहे. रूपक ठरवून टाकले की नायिकेचा रुसवा, तिची असूया, दाराकडे लागलेले डोळे यांना स्वतःचे मूल्य उरत नाही. ती केवळ उत्तर माहीत असलेल्या कोड्यातील अक्षरे होतात. कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात बटूच्या वेषातील शिव पार्वतीसमोर शिवाचीच निंदा करतो. संतापलेली पार्वती निघून जाण्यासाठी पाऊल उचलते आणि त्याच क्षणी समोर तो प्रकट होतो. पाऊल तसेच राहते. या ठिकाणी नर्तिकेला एकाच देहात बटूचे मिस्कील डोळे, पार्वतीचा कोप आणि शिवाचे स्मित दाखवावयाचे असते, आणि अखेर ते अधांतरी पाऊल. नटराजाचे उचललेले पाऊलही, मघाशी म्हटल्याप्रमाणे, अनुग्रहाचे. दोन्ही पावले प्रेक्षकाच्या मनात एकत्र यावीत की नाहीत, हे नर्तिकेने त्या क्षणी किती थांबावे यावर अवलंबून आहे. निवेदकाने ते आधीच सांगून टाकले, तर ती थांबली काय आणि न थांबली काय.

या दृष्टीने निरूपणांच्या संपादनाचा विचार वेगळ्या तऱ्हेने करावा लागेल. पाठभेद आणि शब्दार्थ देऊन भागणार नाही. कोणती ओळ किती आवर्तनांची, नृत्ताचे बोल कोठे येतात, कोणत्या जागी संचारीला वाव आहे, याची नोंद संहितेच्या शेजारी छापली गेली पाहिजे. ती नोंद करावयाची तर संपादकाला नर्तकाच्या तालमीत बसावे लागेल. आमच्या विभागात गेल्या काही वर्षांत दोन विद्यार्थिनींनी असा प्रयत्न केला. दोघीही नृत्य शिकलेल्या होत्या. एकीने वर्णातील एका ओळीसमोर आपल्या वहीत साडेतीन पाने लिहिली होती. मूळ ओळ सहा शब्दांची होती.