चाखून बघायचं नाही, बायो

बायो, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, ईस्टरच्या रविवारी सकाळची ड्युटी लागलीय, वसईला येता येणार नाही. मग वॉर्डातल्या सगळ्यांसाठी ब्राउनी करून नेते." आणि लगेच आवाज खाली घेऊन विचारलंस, "पण मी उपवासकाळात गोड सोडलंय. चव कशी बघू?" फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ तुझा तो प्रश्न माझ्या मनात होता. आपल्या आईनं ईस्टरचं सगळं गोड आयुष्यभर न चाखताच केलं, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट उमगलं.

तुला आठवतं का गं? तू चार-पाच वर्षांची असशील. झावळ्यांचा रविवार झाला की दुसऱ्या दिवशी आई मार्झिपानसाठी काजू काढायची. आपण दोघी पाटावर बसून कढईकडे बघत राहायचो. घोटून झालं की चमचा सरळ पाण्याच्या पातेल्यात जायचा. चाटायला मिळायचा नाही. तू रडायचीस, आणि आई म्हणायची, "रविवारी." बस, एवढंच. पण तिला कसं कळायचं की झालंय? गोळा कढईच्या कडा सोडून मध्ये जमला की ती कणभर घेऊन दोन बोटांत गोळी वळायची. बोटाला चिकटली नाही आणि गोळीवर चमक आली, की गॅस बंद. डोळा, बोट आणि नाक यांवर तिचं सगळं चालायचं. तुलाही तसंच करायचंय. तू तर रोज पेशंटच्या कपाळाला हात लावून ताप ओळखतेस, तुला हे अवघड नाही.

पण त्यासाठी आधी वजनकाटा हवा. वाटी-चमच्याचं माप ठेवलं तर शेवटी चव बघून सावरावं लागतं, आणि ब्राउनी एकदा ओव्हनमध्ये गेली की सावरायला काहीच उरत नाही. वीस सेंटीमीटरचा, म्हणजे आठ इंची चौकोनी टिन घे. त्यात चार-चार सेंटीमीटरचे बरोबर २५ तुकडे निघतात. त्यासाठी २०० ग्रॅम डार्क चॉकलेट, पन्नास-पंचावन्न टक्क्यांचं चालेल. १५० ग्रॅम बटर, २०० ग्रॅम साखर, तीन अंडी, ८० ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम कोको आणि थोडा व्हॅनिला. आपलं रोजचं पिवळं बटर खारट असतं, ते वापरलंस तर वेगळं मीठ घालू नकोस. बेकिंग पावडर नाही म्हणजे नाही. ती घातलीस की केक होतो, आणि तुला केक करायचा नाहीये.

चॉकलेट आणि बटर उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात वितळव. भांडं कोरडं ठणठणीत हवं, पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेट घट्ट होऊन त्याचे गोळे होतात. अंडी आणि साखर मात्र मनापासून फेट, चांगली चार-पाच मिनिटं, मिश्रण फिकट आणि दाट होईपर्यंत. ब्राउनीच्या वर तो चकचकीत, कागदासारखा पातळ पापुद्रा येतो ना, तो या फेटण्यातून आणि विरघळलेल्या साखरेतूनच येतो. मग कोमट चॉकलेट त्यात घाल, मैदा-कोको चाळून वरून घाल आणि हलक्या हातानं खालून वर घेत मिसळ. पीठ दिसेनासं झालं की थांब. जास्त घोटलंस तर ब्राउनी चिवट होते.

आता भाजणं. माझ्या पहिल्या ब्राउनीची गोष्ट मी तुला कधी सांगितली नव्हती. माझ्या धाकट्या लेकीच्या पहिल्या कम्युनियनच्या वर्षी केली होती. सुई कोरडी निघेपर्यंत ठेवायची, हे केकचं शास्त्र मी ब्राउनीलाही लावलं. चाळीस मिनिटं भाजली. गार झाल्यावर सुरी चालेना. पाहुणे काही बोलले नाहीत, मुलींनी मुकाट्यानं खाल्ली, पण मला रात्रभर वाईट वाटत राहिलं. एवढं बटर, एवढं चॉकलेट, आणि ते सगळं मी नुसत्या भीतीपोटी वाळवून टाकलं होतं. कच्ची राहील याचीच ती भीती होती.

तू घाबरू नकोस. ओटीजी १७० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापव, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू, टिन मधल्या फळीवर. विसाव्या मिनिटापासून जवळ उभी राहा. आधी वास येईल. घरभर चॉकलेट दरवळलं म्हणजे वेळ जवळ आली. मग बघ, वरचा पापुद्रा बारीक तडकलेला असेल, कडा टिनपासून किंचित सुटलेल्या असतील. टिन हलकेच हलवून बघ, मधला भाग लाटेसारखा डुचमळायला नको, जेमतेम थरथरला तर चालेल. सुई कडेपासून दोन इंच आत घाल. तिला ओलसर, चिकट कण लागले पाहिजेत. ओलं पीठ लागलं तर आणखी तीन मिनिटं. साधारण पंचविसाव्या मिनिटाला होईल, पण तुझ्या ओटीजीचा स्वभाव मला माहीत नाही, म्हणून घड्याळापेक्षा या खुणा धर. बाहेर काढल्यावरही ती आतल्या आत शिजत राहते, आणि गार होताना चॉकलेट-बटर पुन्हा घट्ट बसतं. गरम असताना जी कच्ची वाटते तीच दुसऱ्या दिवशी बरोबर होते.

म्हणून लगेच कापू नकोस. खोलीत पूर्ण गार कर, मग झाकून फ्रिजमध्ये दोन तास तरी, रात्रभर ठेवलीस तर उत्तमच. लांब सुरी गरम पाण्यात बुडव, पुसून कोरडी कर, कापलं की पुन्हा पूस. प्रत्येक कापाला. कंटाळा येतो हे खरं, पण तुकड्याची कड स्वच्छ आली की अर्धी सजावट तिथंच झालेली असते.

एक गोष्ट माझ्या मनातली. यंदा अक्रोडाऐवजी आपली सुकेळी घाल. मागच्या वेळी आगाशीहून आणलेली पानात बांधलेली पुडी मी तुझ्या बॅगेत ठेवली होती, ती अजून असेलच. ८० ग्रॅम घे, बारीक चिरून चमचाभर मैद्यात घोळव म्हणजे तळाशी बसणार नाहीत. उन्हात वाळलेल्या राजेळी केळ्याचा मधासारखा गोडवा आणि कोकोचा कडवटपणा एकमेकांना इतके छान धरतात. सुकेळी गोड असतात, तेवढी साखर वीस-तीस ग्रॅमनं कमी कर. वॉर्डात कुणी विचारलं, हे काय लागलं मध्ये, तर सांग, वसई.

आता सजावट, ज्याच्यासाठी तू मला एवढे फोटो पाठवलेस. बघितले मी सगळे. सुंदर आहेत. पण ते थंड हवेतले आहेत, राणी. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दिवसांत कधीही येतो. तिकडे तो वसंत, आपल्याकडे कडक ऊन. खरं चॉकलेट चौतिसेक अंशांना वितळतं. पुण्याच्या दुपारी बटरक्रीमची फुलं आणि गनाशचा थर तुझ्या डब्यात किती वेळ टिकेल? मी एकदा ऑर्डरच्या ब्राउनींवर क्रीमची घरटी करून त्यात अंडी बसवली होती आणि रिक्षानं पोचवायला निघाले होते. पोचेपर्यंत घरटी सपाट, अंडी एका कोपऱ्यात. त्या बाईंनी मला रागावून काही म्हटलं नाही, तरी मी पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून मी ईस्टरला आईकडेच वळले. आईचं काजूचं मार्झिपान उन्हात वितळत नाही. तिकडे बदामाचं करतात, आपल्याकडे आणि गोव्यात काजूचं. ते ईस्टरचंच आहे हेही खरं. इंग्लंडात सिम्नेल केकवर मार्झिपानचे ११ गोळे ठेवतात, यहूदाला वगळून उरलेल्या प्रेषितांचे. आणि अंडं तर आहेच. पूर्वी उपवासकाळात अंडी खायला बंदी होती, कोंबड्या मात्र घालायच्या थांबायच्या नाहीत. साठलेली सगळी अंडी ईस्टरलाच पानात यायची. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनं १८७३ मध्ये चॉकलेटचं पोकळ अंडं काढलं, ते त्याच्या कितीतरी नंतर.

तर तू प्रत्येक ब्राउनीवर एकच छोटं अंडं ठेव. आई अंड्यातला पांढरा भाग घालायची, तू काजूकतलीसारखं पाकात कर. १५० ग्रॅम काजू कोरड्या मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरव, एकदम फिरवलेस तर तेल सुटेल, आणि चाळून घे. ९० ग्रॅम साखर, तीन मोठे चमचे पाणी, एकतारी पाक, त्यात काजूपूड, मंद आच, गोळा जमेपर्यंत घोट. मग आईची गोळी वळून बघ. उतरवल्यावर चमचाभर गुलाबपाणी. कोमट असतानाच मळून २५ अंडी वळ, सुपारीएवढी. तिसरा भाग तसाच ठेव, एकाला बिटाच्या रसाचा एखादा थेंब, एकाला हिरव्या खायच्या रंगाचा अगदी कण. फिकट रंगच शोभतो. रात्रभर जाळीखाली उघडी सुकू दे.

आणि आता माझं आवडतं काम. पाव चमचा कोको अर्ध्या चमचा पाण्यात कालव. नवा कोरा टूथब्रश त्यात टेकवून अंगठ्यानं केस मागे ओढ आणि अंड्यांवर शिंतोडे उडव. खाली वर्तमानपत्र पसर. एकेका अंड्यावर खऱ्या पाखराच्या अंड्यासारखे ठिपके उमटतात, आणि कुठलीही दोन सारखी होत नाहीत. धाकटी आणि मी हे गॅलरीत करतो, तिच्या नाकावरही ठिपके असतात.

अंड्याखाली घरटं हवं तर सुकं किसलेलं खोबरं कढईत बदामी भाजून चिमूटभर ठेव. ओलं खोबरं अजिबात नको, या उन्हात दुपारपर्यंत आंबेल. अंडं आणि खोबरं चिकटायला वितळलेल्या चॉकलेटचा एक ठिपका पुरे. तिथं मी कंपाउंड चॉकलेट वापरते, कारण त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतीजन्य चरबी असते आणि ते उष्णतेत जरा जास्त तग धरतं. ठिपक्यापुरतंच बरं का. ब्राउनीच्या आत ते घालू नकोस, टाळूला मेणासारखं लागतं.

पांढऱ्या आयसिंगनं क्रूस काढू का, असं तू विचारलं होतंस. गुड फ्रायडेच्या बनवर क्रूस असतो, तो लोक शतकानुशतकं खात आलेत, त्यात गैर काही नाही. पण मला स्वतःला क्रूसावर सुरी चालवायला धीर होत नाही. रविवार रिकाम्या थडग्याचा आहे, मला त्या दिवशी अंडंच बरोबर वाटतं. तुझं मन काय म्हणतं तसं कर.

दिवसांचं मात्र माझं ऐक. मार्झिपान सोमवारी किंवा मंगळवारी करून टाक, डब्यात आठवडाभर चांगलं राहतं. गुरुवारी सामान मोजून पुड्या बांधून ठेव. शुक्रवारी ओव्हन लावायचा नाही. आईनं कधी लावला नाही, मीही लावत नाही. तो दिवस उपासाचा, क्रूसाच्या वाटेचा, घरात शांतता असावी. शनिवारी सकाळी भाज. दुपारी झोप काढ. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण रात्री तू पास्काजागरणाला जाणार आणि पहाटे उठून ड्युटी गाठणार. संध्याकाळी काप, अंडी बसव, डबा भर.

डबा पसरट घे, एकच थर. फ्रिजमधून काढल्यावर लगेच झाकण उघडू नकोस. बाहेरची दमट हवा थंड ब्राउनीला लागली की पाणी धरतं आणि अंड्यांचे ठिपके ओघळतात. बंद डबाच तासभर बाहेर राहू दे. डब्यातून नेण्याची चिंता तशी करूच नकोस, ब्राउनी डब्यातूनच जगात आली असं सांगतात. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात बायकांच्या जेवणाच्या डब्यात देता येईल, हातात धरून खाता येईल असं काहीतरी गोड करा, असं बर्था पामर यांनी पामर हाउस हॉटेलच्या स्वयंपाकघराला सांगितलं. तिथं अजूनही ती अक्रोड आणि जर्दाळूच्या चकाकीसकट करतात.

झाकणावर एक चिठ्ठी चिकटव, "यात अंडं, काजू, मैदा आणि दूध आहे." कुणाला काय चालत नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. वॉर्डातल्या अंडं न खाणाऱ्या मावशींसाठी मार्झिपानची चार-पाच अंडी जास्त वळ आणि वेगळ्या डबीत ने. पाकातली केली ती त्यासाठीच. त्यांच्या हातात काहीतरी रंगीत पडायला हवं.

या वर्षी तू आमच्यात नसशील याचं मला वाईट वाटतंय, ते लपवत नाही. चर्चमधून आलो की आई पहिला तुकडा तुलाच द्यायची, सगळ्यात लहान म्हणून. तर २५ पैकी २४च डब्यात भर. कोपऱ्यातला एक, जिथं दोन बाजूंनी कड खरपूस असते, तो बशीत झाकून ओट्यावर ठेव. जागरणाचा विधी संपवून मध्यरात्री घरी येशील, चप्पल काढशील, हात धुशील. मग खा. आणि कितीही वाजले असले तरी मला फोन कर. मी जागीच असेन. कशी झालीय ते मला ऐकायचंय.