मोटारीच्या एंजिनाचे तेल बदलताना होणाऱ्या चुका व त्यांची कारणे

मोटारीच्या एंजिनातील तेल बदलणे हे काम वरवर पाहता सोपे आहे. तळाचा बोल्ट काढावा, जुने तेल वाहू द्यावे, नवी गाळणी बसवावी आणि नवे तेल ओतावे, एवढेच त्यात करावयाचे असते. पुष्कळ लोक हे काम घरच्या अंगणात स्वतःच करतात. तथापि, यात घडलेल्या एखाद्या क्षुल्लक चुकीने सुस्थितीतील एंजिन काही मिनिटांत निकामी होऊ शकते. आणि एक चूक अशी आहे की, तिच्यामुळे माणसाचा प्राणही जातो. चुकांची यादी पाठ केल्याने त्या टळतातच असे नाही. एंजिनात तेल नेमके काय करते हे समजले, म्हणजे प्रत्येक खबरदारीचे कारण उलगडते आणि ती खबरदारी सहसा विसरली जात नाही. यास्तव प्रथम तेलाचे कार्य पाहू आणि मग प्रत्यक्ष कामाकडे वळू. हे विवेचन पेट्रोल, डिझेल व सीएनजी यांवर चालणाऱ्या मोटारींपुरते आहे; केवळ विजेवर चालणाऱ्या मोटारींत असे एंजिन व त्याचे तेल नसते.

तेलाचे कार्य

एंजिनातील दट्ट्यांची वरखाली होणारी गती भुजादंडाच्या योगाने चक्रगतीत पालटते. भुजादंड ज्या आधारांत फिरतो, त्यांना धारवे अथवा बेअरिंग म्हणतात. मिनिटाला ३,००० फेरे घेणारा भुजादंड सेकंदाला ५० वेळा फिरतो. धातूचा पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर उंचवटे व खळगे दिसतात. असे दोन पृष्ठभाग भाराखाली एकमेकांवर घासले, तर ते तापतात, झिजतात आणि अखेरीस एकमेकांस चिकटून बसतात.

तेल हे कसे टाळते, याचा उलगडा इंग्लंडमध्ये झाला. बोशँप टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसांसाठी वापरीत त्या प्रकारच्या धारव्यांवर प्रयोग करीत होता. त्याचा पहिला वृत्तांत १८८३ साली प्रसिद्ध झाला. धारव्यात तेल घालण्यासाठी त्याने माथ्यावर एक भोक पाडले होते. आस फिरू लागताच तेल आत शिरण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. भोकात बूच ठोकले, तर तेच बाहेर ढकलले गेले. तेथे दाबमापक जोडला, तेव्हा तेलाचा दाब धारव्यावरील सरासरी दाबाहून पुष्कळच अधिक असल्याचे आढळले. १८८६ साली ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी याचे गणिती स्पष्टीकरण दिले. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढून अरुंद होत जाणाऱ्या फटीत नेतो. त्या पाचरीसारख्या फटीत दाब निर्माण होतो आणि तेलाचा पातळ थर संपूर्ण भार उचलून धरतो.

मोटारीच्या धारव्यांतही हेच घडते. तेथील थराची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्यांत मोजावी लागते. आसाच्या गतीने थर निर्माण होतो खरा, परंतु धारव्याच्या कडांतून तेल सतत निसटत असल्यामुळे पंपाने नवे तेल अखंड पुरवावे लागते. हा पुरवठा खंडित झाला की थर तुटतो आणि धातूवर धातू घासू लागतो. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या एका गोष्टीत आहे. याखेरीज उष्णता वाहून नेणे, काजळी व धातूचे कण तरंगत ठेवणे आणि गंज टाळणे ही कामेही तेल करते.

तेल का बदलावे लागते?

तेल एंजिनात संपून जात नाही, ते बिघडते. उष्णता व हवा यांच्यामुळे त्याचे ऑक्सिडीकरण होते, त्यात मिसळलेली रक्षक रसायने खर्ची पडतात आणि ज्वलनातील घाण त्यात उतरते. या घाणीत पाण्याचाही वाटा आहे. पेट्रोलमधील ऑक्टेन या घटकाचे उदाहरण घेऊ. ११४ ग्रॅम ऑक्टेन जळाले की १६२ ग्रॅम पाणी तयार होते. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलोग्रॅम असते. म्हणजे एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक किलोग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने उत्पन्न होते! त्यातील बहुतेक धुराड्यातून बाहेर पडते. थोडा अंश दट्ट्यांच्या कड्यांमधून निसटून तेलात जातो. लांबच्या प्रवासात एंजिन पुरते तापते व हे पाणी उडून जाते. रोज केवळ दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ते साठत राहते. म्हणून गाडी कमी चालली, तरी ठराविक काळाने तेल बदलावे लागते. निर्मात्याने पुस्तिकेत अंतर व काळ या दोन्ही मर्यादा दिलेल्या असतात. त्यांपैकी जी आधी येईल ती पाळावी.

तेल काळे झाले म्हणजे ते बिघडले, हा समज बरोबर नाही. डिझेल एंजिनात नवे तेल थोड्याच दिवसांत काळे होते, कारण ते काजळी धरून ठेवण्याचे आपले काम करीत असते. उलट पिवळसर दिसणारे तेलही कालावधी उलटल्यावर निरुपयोगी झालेले असू शकते. रंगावरून निर्णय करू नये.

कोणते तेल?

तेलाच्या दाटपणास शास्त्रीय भाषेत श्यानता म्हणतात. तापमान वाढले की श्यानता घटते. डब्यावरील ‘१५डब्ल्यू-४०’ यासारखे अंक तापमानाचे नव्हेत, ते श्यानतेच्या वर्गाचे आहेत. डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर आहे. त्याच्या आधीचा अंक थंडीतील वर्तन दाखवितो. तो जितका लहान, तितके तेल थंडीत सुलभपणे वाहते. नंतरचा अंक १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या श्यानतेचा वर्ग दाखवितो.

‘जितके दाट तितके उत्तम’ ही समजूत फार रूढ आहे. परंतु धारव्यांतील फटी व पंपाची रचना विशिष्ट श्यानता गृहीत धरून केलेली असते. अरुंद फटींच्या एंजिनात दाट तेल घातले, तर सुरुवातीस ते वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते व इंधनही अधिक लागते. लेहच्या हिवाळ्यात हा दोष चटकन जाणवेल, नागपूरच्या उन्हाळ्यात तितका जाणवणार नाही. तरीही निवड पुस्तिकेप्रमाणेच करावी.

श्यानतेबरोबर तेलाची प्रतही पाहावी. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही धूरमर्यादा लागू झाली. तेव्हापासूनच्या डिझेल मोटारींत धुरातील काजळीचे कण अडविणारी गाळणी असते. जळल्यावर राख अधिक सोडणाऱ्या तेलाने ती हळूहळू तुंबते. सबब अशा गाड्यांना निर्मात्याने सांगितलेले कमी राखेचे तेलच घालावे.

गाडीखाली जाण्यापूर्वी

आरंभी उल्लेखिलेली प्राणघातक चूक ती हीच : केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, तोलून धरण्याचे नव्हे. जमीन किंचित खचली, गाडी थोडी सरकली अथवा जॅकमधील दाब उतरला, तर हजार किलोग्रॅमचे ओझे क्षणात खाली येते. म्हणून सपाट व कठीण जमीन निवडावी, हातब्रेक ओढावा, जमिनीवरील चाकांना ठोकळे लावावेत आणि निर्मात्याने दाखविलेल्या जागी जॅक स्टँड नावाचे लोखंडी टेकू द्यावेत. मग गाडीस हाताने ढकलून पाहावे. ती हलली नाही तरच खाली जावे. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे टेकू म्हणून कधीही वापरू नयेत. ते पूर्वसूचना न देता फुटतात.

एंजिन चार-पाच मिनिटे चालवून बंद करावे. कोमट तेल सहज वाहते व तरंगणारी घाण सोबत नेते. लांबच्या प्रवासाहून येताच मात्र बोल्ट काढू नये, कारण त्या वेळी तेल कातडी भाजण्याइतके तापलेले असते. वापरलेल्या तेलात कातडीस अपायकारक द्रव्ये असल्यामुळे हातमोजे घालावेत.

तळाचा बोल्ट

जुने तेल ज्या पात्रातून काढावयाचे, त्यास गॅरेजमध्ये चेंबर म्हणतात. त्याच्या तळाशी बोल्ट असतो. बहुतेक लहान मोटारींत गिअरबॉक्स एंजिनास लागूनच असते व तिलाही तसाच बोल्ट असतो. घाईत पुष्कळ जण चुकीचा बोल्ट काढतात. परिणामी गिअरबॉक्स रिकामी होते. आणि एंजिनात जुने तेल असतानाच नव्याची भर पडल्याने ते गरजेपेक्षा जास्त भरते. एका चुकीतून दोन यंत्रे धोक्यात येतात. बोल्टाची जागा पुस्तिकेतील आकृतीवरून निश्चित करावी.

उताणे पडून काम करताना दिशेचा गोंधळ होतो. बोल्टाच्या माथ्याकडे समोरून पाहत घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरविले की तो सुटतो. मापाचा रिंग पाना वापरावा. सैल पान्याने बोल्टाचे कोपरे झिजतात. पुन्हा बसविताना आधी काही फेरे बोटांनीच द्यावेत. बोल्ट तिरका गेला असेल तर बोटांना तत्काळ अडथळा जाणवतो. पान्याच्या जोरापुढे तो अडथळा कळत नाही आणि आटे जातात. चेंबर ॲल्युमिनियमचे असेल तर हा धोका अधिक. तेलाची गळती जोराने आवळल्याने नव्हे, तर वॉशर नीट चेपून बसल्याने थांबते. म्हणून नवा वॉशर घालावा आणि पुस्तिकेत सांगितला असेल तेवढाच जोर द्यावा.

गाळणी

गाळणी काढताना एक बारीक गोष्ट अवश्य पाहावी. डब्याच्या आकाराच्या गाळणीच्या तोंडाशी रबरी कडे असते. जुनी गाळणी निघते, परंतु कधी कधी कडे एंजिनासच चिकटून राहते. त्यावर नवी गाळणी बसविली, तर दोन कडी एकावर एक येतात. हाताने फिरविताना सर्व ठीक वाटते. मात्र एंजिन सुरू होऊन दाब वाढताच वरचे कडे सरकते आणि तेल जोराने बाहेर फेकले जाते. काही मिनिटांत चेंबर रिकामे होऊन धारव्यांतील थर तुटतो. म्हणून जुन्या गाळणीवर कडे आले आहे की नाही, हे पाहिल्याखेरीज नवी गाळणी हाती घेऊ नये.

बैठक फडक्याने पुसावी, नव्या कड्यास बोटाने थोडे ताजे तेल लावावे आणि गाळणी हातानेच बसवावी. कोरडे कडे पिळले जाऊन फाटते. कडे टेकल्यानंतर सामान्यतः पाऊण फेरा पुरेसा होतो. नेमकी सूचना गाळणीवर छापलेली असते.

भरणे व तपासणे

बोल्ट व गाळणी घट्ट बसल्याची खात्री करून, नरसाळ्याने सांगितलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी तेल ओतावे. थोडे थांबून मापनाची पट्टी पुसावी, पुन्हा पूर्ण खाली घालून वाचावी व उरलेले तेल थोडे थोडे घालावे. गाडी सपाटीवर चारी चाकांवर उभी असेल तेव्हाच हे वाचन खरे. तेल जास्त झाल्यास फिरता भुजादंड त्यात बुडून तेलास फेस आणतो. फेसात हवा असते, आणि हवेला भार उचलता येत नाही. कमी तेल व जास्त तेल यांचा शेवट असा एकच होतो.

नंतर एंजिन सुरू करावे. तेलाचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास एंजिन तत्क्षणी बंद करून कारण शोधावे. हा दिवा दाब कमी असल्याचे सांगतो, पातळी नव्हे. ‘दिवा लागला नाही, अर्थी तेल पुरेसे आहे’ असे समजणाऱ्यास तो बहुधा उशिराच इशारा देतो. दिवा विझल्यावर खाली डोकावून बोल्ट व गाळणी यांपाशी गळती पाहावी, एंजिन बंद करून काही मिनिटांनी पातळी पुन्हा मोजावी आणि दिनांक व किलोमीटर टिपून ठेवावे.

जुन्या तेलाचे काय?

शेवटची चूक एंजिनाची नव्हे, समाजाची हानी करते. जुने तेल गटारात किंवा मातीत ओतले, तर ते नष्ट होत नाही. पाण्यावर त्याचा थर पसरतो, विरघळलेल्या ऑक्सिजनचा पुरवठा रोखतो, आणि त्यातील धातू व हायड्रोकार्बने विहिरी-ओढ्यांपर्यंत पोहोचतात. भारतात २०१६ च्या घातक कचरा नियमांनी वापरलेल्या तेलाच्या विल्हेवाटीस बंधने घातली आहेत. ते झाकणाच्या डब्यात साठवावे. त्यात पाणी, पेट्रोल किंवा कीटकनाशक मिसळू नये, कारण भेसळ झालेले तेल शुद्ध करणे कठीण होते. मग ते तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे किंवा परवानाधारक संस्थेकडे द्यावे. शुद्धीकरणानंतर त्यापासून पुन्हा वंगण तयार करता येते.

एंजिनाचे आयुष्य ज्या थरावर अवलंबून आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच या कामात जोरापेक्षा लक्ष अधिक लागते.

करून पाहा

दोन सारख्या, उंच, पारदर्शक बाटल्यांत एरंडेल भरा. एक बाटली थंड पाण्यात व दुसरी कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा. दोन्हींत सारखी छर्रे-गोळी सोडून ती तळाशी जाण्यास लागणारा वेळ मोजा. कोणत्या बाटलीत श्यानता कमी आढळली?

प्रश्न

१. टॉवरच्या धारव्यातील बूच बाहेर का ढकलले गेले?
२. गाडी कमी चालली तरी तेल का बदलावे लागते?
३. प्रमाणापेक्षा अधिक तेल घातल्याने वंगणक्रिया का बिघडते?
४. दोन रबरी कडी एकावर एक आल्यास काय घडेल, ते क्रमाने लिहा.
५. तेलाच्या दिव्यावरून तेलाची पातळी का ओळखता येत नाही?