कारखाना कधी हलला ते बघ

अरे बाळा, पेनसिल्व्हेनियाला गेल्यापासून तुला हरणाच्या शिकारीचा नाद लागला आणि आता जुनी मार्लिन रायफल घ्यायची म्हणतोस. घे. शिकारीतलं मला फारसं कळत नाही, पण लोखंडावर लोखंड नीट बसलंय का हे बघण्यात कनेक्टिकटला माझी तीस वर्षं गेली. त्या हक्काने सांगतो.

दुकानदार म्हणेल, रेमिंग्टनने कंपनी घेतली आणि माल बिघडला, तेव्हा २००८ च्या आधीचीच घ्या. हे अर्धंच खरं. कंपनी विकली जाते ती कागदावर. दुसऱ्या दिवशी बाकावर फिटर तोच असतो, त्याच्या हातातली कानसही तीच. मालकी २००८ च्या सुरुवातीला बदलली, पण मार्लिनचा नॉर्थ हेवनचा कारखाना बंद झाला २०११ मध्ये. खरा घात तिथे झाला. मशिनं न्यूयॉर्कमधल्या इलियनला गेली, माणसं गेली नाहीत. झिजलेलं मशीन जुना कारागीर सांभाळून घेतो. ते कुठे किती खातं हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं, ड्रॉइंगवर ते कुणी लिहिलेलं नसतं. नव्या माणसाने ड्रॉइंगबरहुकूम भाग काढले तरी ते एकमेकांत बसेनात. मला त्या फिटर लोकांचं अजून वाईट वाटतं. १८७० पासून चालत आलेली विद्या होती ती.

म्हणून आधी नंबर बघ. १९७३ पासूनच्या नॉर्थ हेवनच्या मालात पहिले दोन आकडे १०० मधून वजा केले की साल निघतं. २५ असेल तर १९७५, ९८ असेल तर २००२. नळी रिसीव्हरला मिळते तिथे 'जेएम' असा छाप असतो. लोक त्याचेच जादा पैसे मोजतात, पण नंबर ९१ ने सुरू झाला तर ती २००९ ची, छाप असला तरी नव्या मालकाच्या काळातली. नंबरात आधी 'एमआर' असेल तर ती रेमिंग्टनची. 'आरएम' म्हणजे रुगरची. रुगरने २०२० मध्ये मार्लिन घेतली, पण घाई केली नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या मेयोडनला सगळं नव्याने मांडून पहिली रायफल २०२१ च्या डिसेंबरात बाहेर काढली. मला ते पटलं.

आता रायफल हातात घे. आधी लिव्हर उघडून चेंबर रिकामं आहे ना ते डोळ्यांनी बघ, बोट घालूनही बघ. दुकानदाराने बघितलं असलं तरी तू बघायचंच.

मग मागून नळीवर नजर लाव. पुढची साइट रिसीव्हरशी काटकोनात उभी आहे का? कललेली दिसली तर तो म्हणेल, साइट सरकवून घ्या. घेऊ नकोस. नळीच आट्यांवर कमी-जास्त पिळली गेली आहे, आणि हा दोष इलियनच्या सुरुवातीच्या मालात बराच होता. पुढे तिथलंही काम सुधारलं, म्हणून एमआर दिसली की लगेच खाली ठेवायची, असंही करू नकोस.

दस्ता लोखंडाला मिळतो तिथे नख फिरव. लाकूड दोन्ही बाजूंनी सारखंच जरा वर आलं असेल तर चालेल. एका बाजूला फट आणि दुसरीकडे उंचवटा असेल तर घाईचं काम समज. स्क्रूच्या खाचा चेपल्या असतील तर कुणीतरी उघडून खटपट केली आहे, का ते विचार.

लिव्हर भीतभीत चालवू नकोस. एकदा सावकाश, मग जोरात, शेवटपर्यंत. नुसती रिकामी चालवून काही कळत नाही. डमी काडतुसं भरून दहा-बारा वेळा चढतात आणि बाहेर पडतात का ते बघ.

नळीतल्या उथळ खाचा बघून झिजली म्हणू नकोस. मार्लिनच्या मायक्रो-ग्रूव्ह नळीत खाचा उथळच असतात, आणि संख्येने जास्त. तोंडाची कड मात्र भिंग लावून बघ. या रायफलीत लिव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट मागे निघतो आणि नळी मागून साफ करता येते, तरी आळशी लोक पुढूनच गज खुपसतात आणि ती कड घासून टाकतात.

थर्टी-थर्टीची डमी काडतुसं माझ्याकडे आहेत. येशील तेव्हा घेऊन जा, काढून ठेवतो.