विहिरीतून बाहेर आल्यानंतर



हजरत यूसुफ (अ.) यांचा वृत्तांत आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. स्वप्न आठवते, विहीर आठवते, मिसरची धान्यकोठारे आठवतात. परंतु सूरह यूसुफच्या ५८ व्या आणि ७७ व्या आयतीजवळ आपण सहसा थांबत नाही. धान्यासाठी भाऊ दरबारात येतात तेव्हा यूसुफ (अ.) त्यांना तत्काळ ओळखतात, भावांना मात्र ते ओळखू येत नाहीत. ज्याने विहिरीत ढकलले तो विसरतो. जो विहिरीत पडला तो विसरत नाही. पुढे धाकट्या भावाच्या सामानात प्याला सापडतो आणि भाऊ सहज बोलून जातात की, याच्या भावानेही पूर्वी चोरीच केली होती. यूसुफ (अ.) ही गोष्ट मनातच ठेवतात, त्यांच्यापुढे उघड करीत नाहीत. मधे कित्येक वर्षे लोटली होती. प्रेषितत्व लाभले होते, सत्ता हाती होती. तरीही त्या क्षणी मनात काहीतरी दाबून धरावे लागले, याची नोंद दिव्य कुरआनने ठेवली आहे.

बालपणी ज्यांच्यावर अत्याचार झाला, विशेषतः लैंगिक अत्याचार, त्यांच्याविषयी हा लेख आहे. विषय अवघड आहे. घरात मोठ्याने वाचला जाणार नाही, हेही मी जाणतो. तरी तो घरात पोहोचावा, अशी इच्छा आहे.

काही वर्षांपूर्वी पिशोरला इशाच्या नमाजनंतर तिशीतला एक गृहस्थ माझ्याजवळ थांबला. तो नेहमी शेवटच्या सफमध्ये, भिंतीला लागून उभा राही. मी एकदा दोनदा पुढे येण्याविषयी हटकलेही होते. त्या रात्री त्याने सांगितले की, पाठीमागे कोणी उभे राहिले की त्याचे अंग गोठते, सजद्यात गेल्यावर श्वास कोंडतो, आणि नऊ वर्षांचा असताना एका नातलगाने केलेले दुष्कृत्य जणू पुन्हा घडू लागते. त्याचा प्रश्न एवढाच होता : "मौलाना, माझी नमाज होते का?"

मी त्याला सब्र सांगितले, आणि त्या नातलगाला क्षमा करण्याचा सल्ला दिला. पुढचे चार महिने तो मशिदीत आला नाही. माझे उत्तर चुकले होते, हे उमगण्यास मला तेवढा वेळ लागला. जे मी तेव्हा बोलायला हवे होते, ते आज लिहीत आहे.

पहिली गोष्ट अपराधभावाची. अशी मुले मोठी होतात ती स्वतःलाच दोषी मानत. मी ओरडलो का नाही, पुन्हा त्या घरी गेलो का, मी नापाक झालो का? शरीअतचे उत्तर निःसंदिग्ध आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ज्या तिघांवरून लेखणी उचलली गेल्याचे सांगितले, त्यांत वयात न आलेले बालक आहे. त्याच्या खात्यात पाप लिहिलेच जात नाही. वयात आल्यानंतरही ज्याच्यावर बळजबरी झाली, त्याला अल्लाहने सूरह नूरच्या ३३ व्या आयतीत क्षमेचे आश्वासन दिले आहे. म्हणून त्या बालकाला तौबा करण्याचे कारणच नाही. तौबा ज्याची त्याने करावी. आणि 'इज्जत गेली' हा शब्दप्रयोग आपण थांबवावा. गेली असेल तर ती अत्याचार करणाऱ्याची गेली.

आता क्षमेविषयी. आपल्या घरांत ही मागणी फार लवकर पुढे येते, विशेषतः गुन्हेगार काका, मामा वा भाऊ असेल तर. "यूसुफ (अ.) यांनी माफ केले, तू कोण लागून गेलास?" असे ऐकविले जाते. परंतु आयतींचा क्रम पाहावा. ९१ व्या आयतीत भाऊ आपला अपराध स्वतःच्या तोंडाने कबूल करतात, यूसुफ (अ.) यांचे क्षमेचे उद्गार ९२ व्या आयतीत येतात. त्या वेळी ते विहिरीतले असहाय बालक नव्हते, निर्णय त्यांच्या हाती होता. विहिरीच्या तळाशी बसलेल्या मुलाकडून कोणी क्षमा मागितली नव्हती. दुसऱ्याचा हक्क मारला गेला असेल तर पीडिताने सोडल्याशिवाय तो सुटत नाही, हा हुकूकुल इबादचा नियम आपण उसनवारीच्या पैशांना लावतो. मग येथे का विसरतो?

क्षमा केली तरी संबंध पूर्ववत ठेवावेच लागतात, असेही नाही. हजरत हमजा (रजि.) यांना शहीद करणारे वहशी पुढे इस्लाममध्ये आले. त्यांचे इस्लाम स्वीकारणे प्रेषितांनी (स.) मान्य केले, पण शक्य असेल तर माझ्यासमोर येऊ नका, असे सुचविले. बुखारी शरीफमधील ही हदीस मी मदरशात शिकलो होतो. तिचा खरा अर्थ त्या शेवटच्या सफमधल्या माणसाने मला शिकविला. एखादी भगिनी लग्नकार्यात विशिष्ट नातलगासमोर बसण्यास नकार देते, ईदला त्याच्या घरी जात नाही, तेव्हा तिच्यावर 'नाते तोडणारी' असा शिक्का मारू नये.

सब्र म्हणजे गप्प राहणे नव्हे. हजरत याकूब (अ.) यांचे डोळे दुःखाने पांढरे झाले आणि तरीही त्यांचा सब्र सुंदरच राहिला. सूरह निसाची १४८ वी आयत पीडिताला वाईटाचा उघड उच्चार करण्याची मुभा देते. मात्र कोणाजवळ बोलावे याची निवड महत्त्वाची. लहानग्या यूसुफने (अ.) स्वप्न वडिलांना सांगितले, वडिलांनी ऐकून घेतले, खोटे पाडले नाही, आणि भावांजवळ बोलू नकोस असे बजावले. ऐकणारा कसा असावा, हे त्या एका प्रसंगात आले आहे.

आपल्याकडे असे होत नाही, हा समज बाळगणाऱ्यांसाठी थोडे आकडे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना प्रश्न विचारण्यात आले. महाराष्ट्र त्यांत होता. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिक होते. सुमारे निम्मे अत्याचारी मुलांच्या परिचयाचे वा विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी हे कोणालाच सांगितले नव्हते. मुलग्यांवर अत्याचार होत नाही, असे मानणाऱ्यांनी मुंबईच्या कुलाबा भागातील 'अँकरेज' आश्रयगृहाचे प्रकरण आठवावे. रस्त्यावरच्या मुलांना आसरा देणाऱ्या दोघा ब्रिटिश चालकांना २००६ मध्ये सत्र न्यायालयाने दोषी ठरविले, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने मुक्त केले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. त्या मुलांचे म्हणणे खरे ठरले, खोटे ठरले, पुन्हा खरे ठरले. मनाची जखम भरण्यासाठी निकालाची वाट पाहत बसता येत नाही, ती याचसाठी.

तेव्हा उपचार. प्रेषितांनी (स.) औषधोपचार करण्याची आज्ञा दिली आहे आणि मनाचे दुखणे त्यातून वगळलेले नाही. अबू जैद बल्खी (मृत्यू इ. स. ९३४) यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले, मनाच्या दुखण्यालाही वैद्य लागतो, ही समज मुस्लिम समाजाला हजार वर्षांपूर्वी होती. आज मात्र झोप उडाली, अंग थरथरले की आपण आधी 'असर' शोधतो आणि तावीज बांधतो. दुआ आणि रुकिया यांचे स्थान मी नाकारत नाही. पण दुआ करावी आणि छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभागातही जावे. एवढ्या लांब जाणे जमत नसेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतून बोलता येते. पैसे पडत नाहीत.

जेथे अत्याचार आजही चालू आहे, तेथे 'मुसलमानाचा ऐब झाका' ही हदीस पुढे करणे म्हणजे जुलमाला आडोसा देणे होय. इमाम नववी (रह.) यांनी स्पष्ट केले आहे की झाकणे घडून गेलेल्या पापासाठी असते, चालू असलेले पाप तर थांबवावेच लागते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ वर्षांखालील बालकावरील अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकाचे कर्तव्य ठरविले आहे, आणि बालकाचे नाव प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. सूरह निसाची १३५ वी आयत आईवडील आणि आप्तांविरुद्धही न्यायाची साक्ष देण्यास सांगते. 'घरातले प्रकरण' ही सबब त्या आयतीपुढे टिकत नाही.

आणि आम्ही उलेमांनी स्वतःकडे पाहावे. मकतबमध्ये दरवाजा उघडा असावा, मुलाला हुजऱ्यात एकटे बोलावू नये, पालकाने केव्हाही येऊन बसावे. यात उस्तादाचा अपमान वाटत असेल, तर वाटू द्यावा.

तो गृहस्थ चार महिन्यांनी परतला. मी त्याची माफी मागितली आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले : होय, नमाज होते, भिंतीजवळची जागा तुमचीच आहे. त्यानंतर तो घाटीत काही महिने उपचारासाठी जात राहिला. आता त्याची मुलगी आमच्या मकतबमध्ये कायदा शिकते. तिचा सबक होईपर्यंत तो बाहेर ओट्यावर बसून असतो, आणि आम्ही खिडकी उघडी ठेवतो.